नोल्बेर्तोची खाट

तेऊकाय बेट, ६ मे १९७९

लास्तेनिया,

पाकिटावरचं अक्षर बघूनच हे चुलीत घालावंसं तुला वाटेल. घाल, पण आधी वाच. आठ वर्षांनी थोरली बहीण लिहितेय, एवढा मान तरी ठेव.

मला तुझ्याकडून काही नको, हे पहिल्यांदा सांगते. लोकर नको, आणि तुमच्या पास्टरची प्रार्थनाही नको. फक्त कळवते. इथून तिकडे पुंता आरेनासला मेंढ्या कातरायला जाणारे काय कमी आहेत? त्यांच्या तोंडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. नोल्बेर्तोची, तुझ्या मेहुण्याची, तब्येत जरा बरी नाही. ईस्टरच्या आधी शेतात बटाटे काढत होता, खाली बसला तो उठलाच नाही. घाबरू नकोस, जिवंत आहे. पण उजवी बाजू हलत नाही आणि वाचा गेलीय. शेजारच्या सोफानोरच्या बोटीतून त्याला मोठ्या बेटावर नेलं. तिथला डॉक्टर पोरगेलासा, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. म्हणाला, "बाई, घरी न्या. खाऊपिऊ घाला आणि त्यांच्याशी बोलत राहा." एवढंच सांगायला इतकं शिकलास का रे बाबा, असं मी म्हटलं. मनातल्या मनात म्हटलं.

बाकी देवाच्या कृपेने ठीक. चर्चची किल्ली अजून माझ्याच कमरेला असते. झाडलोट, फुलं, संध्याकाळची घंटा, सगळं माझ्याकडेच. फादर वर्षातून एकदा येतात, तेही समुद्राची मर्जी असली तर. एरवी प्रार्थना सोफानोर सांगतो. तो होता तसाच आहे. देवाची गाणीसुद्धा बैलाला हाकारल्यासारखी म्हणतो.

नोल्बेर्तोसाठी मी सकाळ-संध्याकाळ चर्चमध्ये जाऊन माळ जपते. हल्ली दुपारीही जाते. देवाच्या घरात बसलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. इथे घरात नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत बसून काय होणार आहे?

बाबांचं सफरचंदाचं झाड वादळात पडलं. तेही कळवायचं होतं.

तुझी बहीण,
एदुविना


तेऊकाय, १० जून

लास्तेनिया,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. चारच लिहायच्या होत्या तर एवढा मोठा कागद कशाला घेतलास?

"जेवतो का? त्याला कुठे झोपवलंय?" असं विचारतेस. मी त्याला डुकरांच्या खुराड्यात ठेवलंय की काय? ऐक, कुठे झोपवलंय ते. पुढच्या खोलीत! फादर आले तरच जी उघडायची, त्या आपल्या पुढच्या खोलीत. खाट ओढत नेली, खिडकीला आईचे विणलेले पडदे लावले, जमीन घासून घासून आरशासारखी केली. खिडकीतून समोर चर्चचं दार दिसतं. मी घंटेची दोरी ओढते तीही त्याला पडल्या पडल्या दिसते. उशाशी संत मिगेलचं चित्र लावलंय, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. तुमच्यात हे चालत नाही, ठाऊक आहे मला. पण आमच्यात माणसाला देवाच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवतात. राजासारखा ठेवलाय मी त्याला.

जेवणाचं म्हणशील, तर खात नाही. दोन चमचे सूप, तिसऱ्याला तोंड फिरवतो. सगळे शिंपले सोलून बारीक करून दिले, त्यालाही नाही म्हणाला. नाही म्हणजे तोंड मिटून घेतो. गालाची हाडं वर आलीत. संध्याकाळी मेणबत्त्या लावल्या की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. सोफानोरला सांगितलं तर म्हणाला, "भक्ती जागी झाली असेल, वहिनी. आजारात होतं तसं." मलाही तसंच वाटतं. आयुष्यभर चर्चच्या शेवटच्या बाकावर पेंगणारा माणूस, त्याच्या डोळ्यांत मेणबत्ती बघून पाणी येतं, ही लहान गोष्ट नाही.

पण लास्तेनिया, माणूस जगायला खावं लागतं. पुढच्या महिन्यापर्यंत असंच चाललं तर काय होईल ते मी इथे लिहिणार नाही. मी आता पहाटेही चर्चमध्ये जाते. गारठ्याने गुडघे धरतात. देवाला म्हणते, मी तुझं घर कधी सोडलं नाही, तू माझ्या घराकडे बघ.

त्या खोलीवरून एक आठवलं, लिहून टाकते, मग मनात नको. बाबांच्या वेळी सगळं बेट त्या खोलीत नऊ रात्री गुडघ्यांवर होतं आणि पोटची पोरगी स्वयंपाकघरात भांडी घासत बसली होती. मेलेल्यांसाठी माळ जपायची नाही असं पास्टरने तुला शिकवलं म्हणून. मी तुला तीनदा बोलवायला आले. तिन्ही वेळा तू म्हणालीस, "मी इथेच बरी आहे, तायडे." ते मी विसरलेले नाही.

एदुविना


तेऊकाय, ४ जुलै

लास्तेनिया!

हा काय प्रकार आहे? पत्र नावाची वस्तू असते. तार असते. तू थेट रेडिओवर?

तुला काय, तू तिकडे बसलीस. इथे दुपारी बेटांसाठीचे निरोप सुरू झाले की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबतं. कुणाची बोट अडकली, कुणाला मुलगी झाली, कुणाची डुकरीण विकायची आहे, सगळ्यांना सगळं ऐकायचं असतं. मी परातीत बटाटे किसत होते, मिल्काओ तळायचे होते. डुकरिणीचा निरोप झाला आणि तो निवेदक आपल्या रविवारच्या आवाजात म्हणतो काय, "तेऊकाय बेटावरच्या एदुविनाबाईंना पुंता आरेनासहून त्यांची बहीण लास्तेनिया कळवते की, नोल्बेर्तोला ताबडतोब पुढच्या खोलीतून बाहेर काढ. त्या खोलीत आपण फक्त मेलेली माणसं ठेवतो. बाबांना तिथेच ठेवलं होतं. उशाशी मेणबत्त्या लावून त्याला तू मयतासारखं निजवलंयस, आणि वर दिवसभर घंटा. त्याला स्वयंपाकघरात आण. निरोप संपला." आणि मग त्याच आवाजात म्हणतो, "निरोप पुन्हा एकदा ऐका." दोनदा वाचला, लास्तेनिया! दोनदा!

माझे हात बटाट्याच्या लगद्यात. बंद करायला गेले तर बटण घसरलं आणि आवाज आणखी मोठा झाला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला. एप्रिलपासून त्या घशातून आवाज म्हणून निघाला नव्हता. मला वाटलं पडला. तशीच धावले.

तो हसत होता. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून त्याने डावा हात उचलला, आधी या मेणबत्तीकडे बोट केलं, मग त्या मेणबत्तीकडे, मग स्वतःकडे. मग डोळे मिटून हात छातीवर ठेवून जीभ बाहेर काढून पडून राहिला. ढोंगी मेला! लग्नात जशी सोंगं काढायचा तसंच. मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "तुला हेच वाटत होतं? मी तुला मेलेल्यात काढलं असं?" त्याने मान हलवली. हो म्हणून.

मी त्याच्या पायाशी बसले. मी रोज पहाटे त्याला देवाच्या दारात ठेवून जात होते, आणि तो इथे पडून ऐकत होता की त्याची बायको त्याचीच घंटा वाजवतेय. म्हणून जेवत नव्हता. मेलेल्या माणसाला सूप कशाला? मला रडू कोसळलं. रागाने आलं असं त्याला सांगितलं. तुझ्या रागाने. त्याने विश्वास ठेवला नसावा.

डोळे पुसते न पुसते तोच दारात सोफानोर, काखेत करवत. पाठोपाठ त्याचे दोन भाऊ आणि बायको क्लोदोमिरा.

"रेडिओ ऐकला," सोफानोर म्हणाला. "खाट स्वयंपाकघराच्या दारातून जाणार नाही वहिनी, चौकट कापावी लागेल."

"कापा," मी म्हटलं.

क्लोदोमिरा एप्रनमध्ये अंडी घेऊन आली होती. म्हणते कशी, "अगं, मला तर पहिल्याच दिवशी खटकलं होतं. माणूस जिवंत आणि डोक्याशी मेणबत्त्या?"

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुला कोण सांगणार बाई? किल्ली तुझ्या कमरेला."

मी तिच्याकडून अंडी घेतली आणि टोपलीत ठेवली.

अख्खी दुपार करवत चालली. भावांनी खाट उचलली, नोल्बेर्तोसकट. तो आपल्या डाव्या हाताने इकडे, तिकडे, जरा वर असं मुकादमासारखं सांगत होता. चुलीजवळ, लाकडांच्या पेटीशेजारी खाट लावली. तिथून त्याला काय दिसतं, तर चूल, टांगलेले धुरातले शिंपले, माझी पाठ आणि कोंबड्यांचं दार. चर्चचा एक खिळाही दिसत नाही. सगळ्यांना मिल्काओ आणि सफरचंदाची दारू दिली. मी ताटं भरत होते तर एप्रनला ओढ बसली. त्याने कढईकडे बोट केलं.

दोन खाल्ले. चरबी हनुवटीवरून ओघळत होती, पुसू दिली नाही.

तू रेडिओवर सांगायला नको होतंस. डुकरिणीनंतर तर नकोच. पण तो जेवला. म्हणून लिहिते.

एदुविना


तेऊकाय, १२ ऑगस्ट

लास्तेनिया,

हाताने विणलेले मोजे मिळाले. त्याला झाले. डाव्या पायातला स्वतःच ओढून चढवतो आता, उजवा मी चढवते. सूप पुरं वाटीभर जातं. गालांवर जरा मांस आलंय. चेहरा तसाच वाकडा आहे, पण तो आधीही काही सरळ नव्हता.

तू विचारतेस मी दिवसभर काय करते. बोलते. त्या बिनमिशीच्या डॉक्टरने सांगितलं होतं ना, बोलत राहा. बोलणं म्हणजे काय सोपं वाटलं होतं! दोन दिवसांत सगळं बेट सांगून झालं. कोण कुणाशी भांडलं, कुणाची पोर कुणाबरोबर दिसली. मग पुढे काय? तो टक लावून बघत असतो, थांबले की भुवई उडवतो, बोल म्हणून. मग मी जे करतेय तेच सांगायला लागले. आता लाकूड घालते, ओलं आहे, धूर करणार. आता बटाटा घेतला, याला किडीचं भोक आहे, एवढं कापून टाकू की चालेल? आता मातेचा चहा करते, तुला आधी की मला? मातेची नळी त्याच्या ओठांत धरते, तो एक घोट ओढतो, मग मी. एक बोट वर केलं की आणखी हवं, मूठ मिटली की पुरे.

आता एक सांगते, पण तुमच्या मंडळीत उभी राहून सगळ्यांना सांगू नकोस. तुम्ही लोक देवाशी बोलता ते मला नेहमी उद्धटपणाचं वाटायचं. आमच्यात प्रार्थना ठरलेल्या आहेत, शब्दन् शब्द बसवलेल्या, त्यांना इस्त्री केलेली असते. तुम्ही आपले शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं सुरू होता, प्रभू, आज जावयाला नोकरी नाही, आज गुडघा दुखतो. मी म्हणायचे, देवाला दुसरी कामं नाहीत का? तर परवा काय झालं. कोंबडी खुडुक झालीय, अंडी लपवते, तिचं सगळं गाऱ्हाणं मी सांगत होते. वळून बघते तर नोल्बेर्तो घोरतोय. केव्हाचा झोपला होता कुणास ठाऊक. पण मी थांबले नाही. अंडी कुठे सापडली, किती फुटली, सगळं सांगत राहिले, आणि मधेच माझ्या ध्यानात आलं की मी कुणाला सांगतेय.

लाज वाटली गं. कुणी न सांगता घरात येऊन केव्हाचं बाकावर बसलेलं असावं आणि आपण पसारा मांडलेला, तसं. मी पटकन एप्रन नीट केला. मग माझं मलाच हसू आलं. तो काय आज आला होता? मी इतकी वर्षं त्याला भेटायला बाहेर जात होते आणि दार ओढून घेत होते.

पण तू समजतेस तशी मी काही संत झाले नाही. शुक्रवारी त्याने खाटेवरची चादर खराब केली, दुसऱ्यांदा, मी नुकतीच बदललेली. मी नको ते बोलले. तो भिंतीकडे वळून पडला. सगळी दुपार मी तोंडातून एक शब्द काढला नाही, त्याच्याशीही नाही आणि त्या दुसऱ्याशीही नाही. चूल पेटलेली आणि घर थंड. तेव्हा कळलं, हे आपोआप होत नाही. सकाळी उठून ठरवावं लागतं, आणि भांडी घासता घासता विसरलं की पुन्हा ठरवावं लागतं. चर्चमध्ये बरं असतं, तिथे भिंतीच आठवण करून देतात. संध्याकाळी मी म्हटलं, "प्रभू, मी त्याला काय बोलले ते तू ऐकलंसच. आता माफी मागते तेही ऐक." मोठ्याने म्हटलं. नोल्बेर्तोने ऐकलं आणि मूठ मिटली. पुरे, म्हणून.

हे तुझं ऐकून मी करत नाही. माझं मी करतेय.

एदुविना


तेऊकाय, ३० सप्टेंबर

लास्तेनिया,

काल संत मिगेलचा सण झाला. तू विचारलंयस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. मी गेले नाही.

नोल्बेर्तोचं सध्या एक झालंय. दिवसा बरा असतो. उजेड कमी व्हायला लागला की घाबरतो. श्वास वरवर लागतो, माझा एप्रन मुठीत धरतो आणि दिवा चांगला पेटेपर्यंत सोडत नाही. सोफानोर बोटीतून त्या डॉक्टरला घेऊन आला होता. त्याने छातीला नळी लावून ऐकलं, बाहेर येऊन मला म्हणाला, "बाई, हृदय दमलंय." मी विचारलं, "किती?" तो समुद्राकडे बघत राहिला. या वेळी मी मनातसुद्धा त्याला काही बोलले नाही.

आणि सणाच्या प्रार्थना बरोबर त्याच वेळेला, नऊ दिवस. पहिल्या दिवशी क्लोदोमिराच्या मुलीला त्याच्याजवळ बसवून मी गेले. दिवे लावले, घंटा वाजवली, माळेला सुरुवात करून दिली. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, इतकी मी तिथे नव्हते. परत आले तर ती पोर रडवेली उभी, आणि नोल्बेर्तोच्या मुठीत खाटेची चादर फाटलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ली सोडली आणि क्लोदोमिराच्या हातात ठेवली. तिच्या हातात, लास्तेनिया! जिच्या घरात केरसुणी कोपऱ्यात शोभेला असते! तिने ती घेतली आणि लसणाच्या माळेशेजारी खिळ्याला अडकवली. मी बघितलं आणि परत आले. वाटेत रडले, खोटं कशाला सांगू. बावीस वर्षं ती कमरेला होती, चालताना आवाज यायचा. मला वाटायचं तो आवाज आला की देवाला कळतं एदुविना येतेय.

सोफानोर समजवायला आला. "वहिनी, असं करू नका. संत मिगेल रागावतील."

"रागावू देत," मी म्हटलं. "त्यांना पंख आहेत, त्यांना इथे येता येईल. याला पाय नाहीत."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग नोल्बेर्तोकडे बघून म्हणाला, "दादा, तुमची बायको फार बोलते." नोल्बेर्तोने एक बोट वर केलं. आणखी हवं, म्हणून.

क्लोदोमिरा घंटा रोज उशिरा वाजवायची. ती उशीर करायची आणि आम्ही दोघं चुलीपाशी वाट बघत बसायचो, तो खिडकीकडे बोट करून भुवया उडवायचा. अखेर टण्ण झाली की दोघं हसायचो. हसता हसता अंधार पडून जायचा आणि त्याला घाबरायला वेळ मिळायचा नाही. माळ मी तिथेच जपली, त्याच्या मुठीत एक टोक, माझ्या हातात एक. मधे उतू गेलं तर उठायचे, कढई उतरवायचे, पुन्हा बसायचे. ही प्रार्थना की तो स्वयंपाक, हे मला आता वेगळं काढता येत नाही, आणि काढायचंही नाही.

काल मिरवणूक आमच्या कुंपणावरून गेली. मला वाटलं होतं संताची मूर्ती आमच्या दाराशी क्षणभर थांबवतील. पाऊस होता, घाईत निघून गेले. वाईट वाटलं. मी तेव्हा त्याचे पाय धूत होते, कोमट पाण्यात. टॉवेल घ्यायला उठले तर त्याने मला खिडकीकडे ढकललं, जा, बघ. मी गेले नाही. म्हटलं, "प्रभू, तू आत आहेस, मी बाहेर कशाला बघू? तू फक्त याला थोडं राहू दे." एवढं एकच मागते हल्ली. अजून थोडे दिवस.

तूही माग. तुझ्या पद्धतीने माग, चालेल मला.

तुझी तायडी


तेऊकाय, २३ नोव्हेंबर

लास्ते,

नोल्बेर्तो गेला.

तार पाठवायला बोट नव्हती, दहा दिवस वारा होता. म्हणून हे तुला उशिराच कळेल. तेव्हाचं सगळं सांगते, बस आणि वाच.

सकाळची वेळ होती. त्याचं खाणं झालं होतं, पाव आणि लोणी, माते पण झाला होता. ऊन आलं होतं, कोंबड्यांचं दार उघडं ठेवलं होतं. मी त्याच्याकडे पाठ करून बटाटे सोलत होते. जुने, कोंब आलेले, या दिवसांत असतात तसे. मी सांगत होते की क्लोदोमिराने घंटेची दोरी तोडली आणि आता सोफानोर वर चढून शिंगाड्या बैलाची दोरी बांधतोय, आणि देवा, त्याला वरून पडू देऊ नकोस, तो पडला तर गाणी कोण म्हणणार, वाईट म्हणतो पण म्हणतो तरी. असंच, एकाला सांगता सांगता दुसऱ्याला. नेहमीसारखं. मग विचारलं, "सूपात कांदा घालू का रे, की कालचा बाधला?" मूठ की बोट ते बघायला मागे वळले नाही, हातातला बटाटा संपवायचा होता. आणखी दोन सोलले. त्या वेळात मी कितीतरी बोलले. पाणी उकळलं तेव्हा वळले.

डोळे मिटलेले होते. सोंग काढलंय असं वाटलं मला. म्हटलंही, "पुरे झालं, ऊठ."

तो घाबरला नाही, लास्ते. उजेड होता आणि मी बोलत होते. मी देवाकडे अजून थोडे दिवस मागितले होते, ते त्याने दिले. आणखी हवे होते. ते दिले नाहीत. याचा मला राग आहे आणि मी तसं त्याला सांगितलंय. तो ऐकून घेतो.

सगळे मिळून त्याला पुढच्या खोलीत घेऊन गेले. या वेळी ते बरोबर होतं. मेणबत्त्या मी माझ्या हातांनी लावल्या. नऊ रात्री लोक गुडघ्यांवर होते, सोफानोरने सगळी गाणी बेसूर म्हटली, आणि मला त्यातलं एकही बदललेलं नको होतं. तू आली असतीस तर स्वयंपाकघरातच बसली असतीस. मधेमधे मीही उठून तिथे येत होते, भांडी घासायला. दोन घरांत दोन देव नसतात, एवढं मला आता कळतं. किल्ली क्लोदोमिराकडेच आहे. दोरी तोडली तरी ठेव म्हटलंय.

मेंढ्यांची कातरणी संपली की ये. माळ जप म्हणून मी तुला ओढणार नाही. नवऱ्यालाही आण, पास्टरलाही आण हवं तर, पण त्याने लांबलचक बोलायचं नाही.

परवा नऊ रात्री संपल्या. काल सकाळी घरात कुणी नव्हतं. मी चूल पेटवली, बटाटे घेतले, सुरी घेतली आणि बसले. तोंड उघडेना. कुणाला सांगायचं? खाट रिकामी. मग म्हटलं, "लाकूड आजही ओलंच आहे. धूर करणार." आवाज घोगरा आला. मग म्हटलं, "याला किडीचं भोक आहे, एवढं कापून टाकते." आणि सोलायला लागले, आणि बोलत राहिले, सगळं, कोंबडीचं, तुझं, त्याचं.

आधी ऐकणारे दोघं होते, लास्ते. आता एक आहे.

तुझी,
एदुविना